जिंकलेल्या घोड्याची शेपटी

खोर्लोवहिनीने वादीची गाठ सोडली, वादी हलकेच ओढली, आणि वादीबरोबर शेपटीचे केसही आले. एखाददुसरा केस नव्हे, चांगला मूठभर झुपका, मुळाशी कातडीचा तुकडा चिकटलेला. मग तो वास आला. मी शेजारीच दुधाची बादली धरून उभी होते. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मला शब्द सुचला नाही असं आमच्या खोऱ्यात कुणाला सांगितलं तर ते खोटं समजतील, पण त्या दिवशी तसं झालं खरं.

घोडा आमच्या दादाचा, म्हणजे योंदोनचा. लालसर तपकिरी रंगाचा, म्हणून त्याला कुम्मैत म्हणायचे. आम्ही घोड्याला वेगळं नाव ठेवत नाही, रंग हेच नाव. याच कुम्मैताने त्या वर्षीच्या नादामच्या, म्हणजे उन्हाळी जत्रेच्या, शर्यतीत पहिला नंबर काढला होता. दादा तरुणपणापासून शर्यतीचे घोडे तयार करत आलेला. दुसरा आला, पाचवा आला, एकदा तर घोडा वाटेत वळून घरीच परत आला. पहिला नंबर मात्र हा आयुष्यातला पहिलाच. पदक गळ्यात पडलं तेव्हा दादा रडला, आणि ते कुणी बघू नये म्हणून टोपीने तोंड पुसत बसला.

खोर्लो त्याची बायको, माझी वहिनी. माझा नवरा गेल्यापासून माझं गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, त्यांच्या गेरच्या शेजारी असतं. उन्हाळी कुरणावर गेलो तरी आणि हिवाळी गोठ्याकडे आलो तरी. त्यामुळे या बाईला मी जेवढं पाहिलंय तेवढं कुणी पाहिलेलं नाही. बुटकी, रुंद चेहऱ्याची, हसताना तोंडावर हात धरणारी. चार माणसांत कधी बोलणार नाही. पुरुष बोलत असले की चहा ओतायचा आणि चुलीशी बसायचं. मी तिला नेहमी म्हणायचे, वहिनी, तुझी जीभ देवाने फक्त मीठ चाखायला दिली आहे का? त्यावरही ती हसायची, तोंडावर हात धरून.

पण घोड्या तिच्या ताब्यात. उन्हाळाभर दिवसातून कितीतरी वेळा घोड्यांच्या धारा काढायच्या, दूध कातडी पिशवीत ओतून घुसळायचं, त्याचं आंबट ऐराग करायचं. तिच्या हातचं ऐराग प्यायला लोक वाट वाकडी करून यायचे. घोडीची धार काढणं काही गाईसारखं नाही. गुडघा टेकून, एक हात मागच्या पायाच्या पलीकडून घालून दोन्ही हातांनी काढायची, तीही घोडीचं मन असेल तर. वहिनी जवळ गेली की लाथाळ घोडीसुद्धा पाय फाकून उभी राहायची.

कुम्मैत तिनेच वाढवला होता. बर्फाने कळपच्या कळप मारले त्या हिवाळ्यात त्याची आई गेली. वहिनीने शिंगरू गेरमध्ये आणलं आणि चुलीशेजारी बांधलं. बैलाच्या शिंगात दूध भरून पाजलं. ते माजलं, दादाचा एक बूट खाल्ला, माझ्या उशीवर मुतलं. मी बोंब मारली तर वहिनी म्हणाली, "लहान आहे ते." एवढंच. म्हणून जगाच्या दृष्टीने घोडा योंदोनचा असला, तरी घोड्याला विचारलं असतं तर त्याने वेगळं नाव सांगितलं असतं.

शर्यतीआधी आमच्याकडे शेपटीला मध्यावर पट्टी गुंडाळतात, केस पायात येऊ नयेत म्हणून. दादा ती वर, शेपटीच्या दांड्यावरच बांधायचा. कच्च्या कातड्याची वादी, आणि आवळायची तर अशी की बोट शिरू नये. सैल बांधली की सैल पळतो, असं त्याचं म्हणणं. शिवाय आमच्या घराण्याची एक रीत होती. घोडा पहिला आला तर पाहुणे येऊन जाईपर्यंत वादी सोडायची नाही, ज्याने बांधली त्यानेच सोडायची, आणि बायकांनी तर हात लावायचाच नाही. सोडली की नशीब केसांवाटे निघून जातं म्हणे. ही रीत पाळायची वेळ दादावर तोवर कधी आलीच नव्हती, कारण घोडा कधी पहिला आलाच नव्हता.

आणि पहिला आलेल्या घोड्याला ऐरागने न्हाऊ घालतात. कपाळावर ओतायचं, पाठीवर ओतायचं, पुठ्ठ्यावर ओतायचं. मैदानावर ओतलं. घरी आल्यावर शेजाऱ्यांनी ओतलं. सोसोर, जो दादाचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी आणि ज्याचा काळा घोडा दुसरा आला होता, तोसुद्धा हंडा घेऊन आला आणि मोठेपणा दाखवायला सगळा हंडा पुठ्ठ्यावर रिकामा करून गेला. सगळं ओघळून शेपटीत. कच्चं कातडं भिजलं की सैल होतं आणि उन्हात वाळलं की आक्रसतं, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. खोगिरं आम्ही तशीच आवळतो. पण आनंदाच्या भरात ते कुणाला आठवायला? येणारा पाहुणा ओतायचा, ऊन वाळवायचं, दुसरा येऊन पुन्हा ओतायचा. दादा तोवर पदक गळ्यात घालून गावोगाव मेजवान्या खात फिरत होता.

वहिनीच्या लक्षात एवढंच आलं की कुम्मैत माश्या हाकलत नाही. माश्या पोटावर बसल्यात, डोळ्यांवर बसल्यात, आणि शेपटी लोंबतेय नुसती. मी म्हटलं दमला असेल. ती दोन-तीनदा त्याच्यामागे जाऊन उभी राहिली आणि परत आली. मग धारांच्या मध्येच बादली माझ्या हातात दिली आणि घराण्याची रीत मोडली.

वादीखाली शेपटीभोवती पूर्ण कडं पडलं होतं, काळंनिळं, काही ठिकाणी ओलं. खालचे केस हात लावला की निघत होते. वहिनी जमिनीवर बसली. केस मांडीवर घेऊन एकेक सरळ करत राहिली, जणू ते परत लावता येणार होते.

तालुक्याच्या गावाहून गाल्सान डॉक्टर आला, जनावरांचा. त्याने सुई टोचली, मेलेली कातडी कापली, आणि कापताना कुम्मैत जरासुद्धा हलला नाही. त्या न हलण्याने मला जास्त धक्का बसला. डॉक्टर म्हणाला, रक्तच पोचलेलं नाही. आतला दांडा जिवंत असला तर जखम भरेल, केसही येतील कदाचित. मेला असेल तर शेपटी गळून पडेल. रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, मलम लावा, माश्यांसाठी सैल फडकं ठेवा, विंचरू नका, ओढू नका. आणि लीद टाकताना शेपटी उचलतो का बघत राहा. उचलली तर समजा वाचली.

दुसऱ्या दिवशी दादा आला. शेपटी बघून पांढराफटक पडला. मला वाटलं आता हा बसकण मारणार. पण माणूस चुकतो तेव्हा आधी दुसऱ्याचा हात शोधतो. म्हणाला, तू सोडलीस म्हणून झालं, बाईच्या हाताने सुटली. मग म्हणाला, ओढून काढलीस म्हणून केस आले. मग म्हणाला, सोसोरने ऐरागमध्ये काहीतरी कालवलं असणार. मी म्हटलं, दादा, वादी ओली झाली आणि आवळली, यात सोसोर कुठून आला? बाबा नमद्याची मऊ पट्टी बांधायचे, कातड्याची नव्हे, मला पक्कं आठवतंय. तो म्हणाला, तू तेव्हा शेंबडी होतीस. मी म्हटलं, शेंबडी होते, आंधळी नव्हते.

मग त्याने जे म्हटलं ते मी अजून विसरलेले नाही. शांतपणे म्हणाला, चहाचा घोट घेत. "शेपटी नाही तर घोडा कसला. लोक हसतील. थंडी पडली की मांसात घालू."

आमच्याकडे हिवाळ्याच्या मांसाला घोडाही कापतात, त्यात मुलखावेगळं काही नाही. पण शर्यत जिंकून देणारा घोडा? तो मेला तर त्याचं डोकं मानाने उंच जागी ठेवतात. आणि कापायची भाषा या माणसाच्या तोंडून, ज्या माणसाने याच घोड्याचा घाम कपाळाला लावून पंधरवड्यापूर्वी डोळे पुसले होते. मी वहिनीकडे पाहिलं. ती चुलीत शेण्या सारत होती. हात थांबला नव्हता.

सकाळी तिने ती वादी घेतली, ऐरागच्या भांड्यात बुडवली, आणि दादासमोर बसून डाव्या मनगटावर गुंडाळली. दाताने ओढून गाठ मारली.

"हे काय म्हातारे?" दादा हसला.

"तुझ्यासारखी बांधता आली नाही," वहिनी म्हणाली. "थोडी सैलच आहे."

आणि धारा काढायला निघून गेली.

दादाला वाटलं बायकांचा रुसवा, दुपारपर्यंत उतरेल. मलाही तसंच वाटलं. दिवस कडक उन्हाचा होता. प्रत्येक धारेला ती हात घोडीच्या पायापलीकडून घालत होती आणि तो हात हळूहळू फुगत होता. दुपारी बोटं जाड झाली. मी मागे लागले, ओरडले, सुरी घेऊन गेले. तिने हात मागे घेतला आणि म्हणाली की ज्याने बांधली त्यानेच सोडायची, आपल्याकडे रीत आहे. बांधलीस तर तूच, मी म्हटलं. तर म्हणाली, "मी? मी आयुष्यात कधी वादी बांधलेली नाही."

दादा बाहेर खोगीर दुरुस्त करत बसला होता. मान वर करत नव्हता. पण तोच एक टाका त्याने कितीदा उसवला आणि घातला ते मी पाहत होते. सोसोर घोड्याची चौकशी करायला म्हणून आला, वहिनीचा हात पाहिला, टोपी काढली आणि न बसताच गेला. आमच्याकडे चहा न पिता पाहुणा जात नाही. मला त्या माणसाचा राग यायचा, त्या दिवशी आला नाही.

ऊन उतरलं तेव्हा तिने चहाचा वाडगा दादापुढे केला. वाडगा उजव्या हाताने द्यायचा आणि डाव्याने कोपराला आधार द्यायचा, लहानपणापासूनचं वळण. त्यामुळे डावा हात नेमका त्याच्या डोळ्यांपुढे आला. हात कसला, काळानिळा गोळा. कातडी चकाकत होती. वादी मांसात रुतून दिसेनाशी झाली होती.

दादाने वाडगा घेतलाच नाही. कमरेची सुरी काढली. बोटाने वादी चाचपली आणि पातं तिच्याखाली सरकवलं. वादी तुटली तेव्हा वहिनीने पहिल्यांदा आवाज केला, कण्हल्यासारखा, रक्त परत धावतं तेव्हाचा.

"वेडी आहेस का तू?" दादा म्हणाला. "सोड म्हणाली असतीस तर सोडली असती मी."

"तोही म्हणाला असता," वहिनी म्हणाली. "त्याला बोलता येत नाही एवढंच."

दादा उठून बाहेर गेला. मला वाटलं रागाने गेला. बघते तर कुम्मैताच्या मागे उभा, फडकं उचलून जखम बघत होता. त्याने घरी आल्यापासून ती नीट पाहिलीच नव्हती.

त्यानंतर मिठाचं पाणी दादाच करू लागला. बोट बुडवून बघायचा, गार झालं की पुन्हा तापवायचा. जखम वरून खाली पुसायची नाही, नुसती ओली करायची, मग कापसाने टिपायची, मग मलम. कुम्मैत त्याला जवळ येऊ देईना. मागे कुणी आलं की शेपटीचा दांडा पायात घट्ट दाबून धरायचा, आणि एकदा त्याने दादाच्या मांडीवर अशी लाथ घातली की हा पदकविजेता आठवडाभर बदकासारखा चालला. मी म्हटलं, बरं झालं, हिशेब पुरा झाला. दादा म्हणाला, अजून कुठे. दांडा दाबून धरतोय म्हणजे काहीतरी जिवंत आहे असं आम्हाला वाटायचं, आणि डॉक्टर म्हणायचा की तो कमरेचा जोर असतो, शेपटीचा नव्हे. लीद टाकताना शेपटी लोंबतीच राहायची. सगळं पायांवर. ते धुवायचं कामही दादाचंच.

काळी खपली धरली, सुटली, खालून गुलाबी कातडी आली. शेपटीला केस म्हणाल तर वर थोडे, टोकाला थोडे, मध्ये नागडी काठी. येणारेजाणारे बघायचे आणि बोलायचे नाहीत, ते हसण्यापेक्षा वाईट. दादा सगळं करत होता, पण मांसात घालण्याचा शब्द त्याने परत घेतला नव्हता. एकदा तोंडातून गेलेला शब्द, तो कसा गिळायचा? मी विचारलं तर म्हणाला, शेपटी मेली असेल तर पुढच्या उन्हाळ्यात माश्याच त्याला खाऊन टाकतील, ते बघण्यापेक्षा बरं.  वहिनीने वाद घातला नाही.

थंडी पडली. नदीच्या कडेला बर्फ धरला, आणि मांसाचा दिवस ठरला. सोसोर मदतीला आला, दरवर्षी यायचा तसा. मेंढ्या झाल्या, एक बैल झाला. मग दादा फासाची काठी घेऊन कळपाकडे निघाला, आणि आम्ही सगळेच जिथे होतो तिथे थांबलो. वहिनी आतड्यांचं पातेलं घेऊन उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना.

कुम्मैताने फास घालू दिला. दादा त्याच्याजवळ गेला, मानेवर हात ठेवला, पाठीवरून फिरवत मागे नेला, आणि शेपटीपाशी थांबला.  मागून सोसोर म्हणाला, योंदोन, मी धरू का? दादाने मान हलवली. तेवढ्यात कुम्मैताने पाय जरा फाकवले. आणि ती अर्धी नागडी, अर्धी पांढऱ्या लवेची शेपटी हलली, थरथरली, वर उचलली गेली, आणि घोड्याने वाफाळती लीद दादाच्या बुटांवर टाकली.

 मग दादा खाली बसला, तसाच लिदीत, आणि हसू लागला. सोसोर हसायला लागला. मी हसता हसता रडले. सोसोरने फास काढला आणि कुम्मैत कळपात निघून गेला, शेपटी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे उडवत. इतके दिवस ती त्याने जपून ठेवली होती की काय कुणास ठाऊक.

आत आलो. पातेल्यातलं पाणी खळखळत होतं, रक्त भरलेली आतडी शिजत होती. वहिनी ती बाहेर काढत होती, हसऱ्या तोंडाने, उजव्या हातात पळी आणि डाव्या हाताने पातेल्याचा काठ धरून. मी म्हटलं, वहिनी, काठ तापलाय. ती म्हणाली, हो. आणि हात तसाच. मग मला वास आला. दादालाही आला. त्याने तिचा हात खेचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची कातडी पातेल्याला चिकटून राहिली होती. आणि ती बाई आमच्याकडे बघत होती, आम्हाला काय झालं म्हणून.

"कधीपासून?" दादाने विचारलं. 

"वादी सुटली तेव्हापासून," ती म्हणाली. "दोनच बोटं आहेत. बाकीची चालतात."

म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या धारा हिने डाव्या हाताच्या तीनच बोटांनी काढल्या. मी शेजारी राहणारी, तिला सगळ्यात जास्त पाहणारी. दूध कमी पडत होतं तेव्हा मी घोड्यांना दोष देत होते.

"सांगितलं का नाहीस?"

वहिनीने जळलेली बोटं दुसऱ्या हातात धरली. या खेपेला तोंडावर हात धरायला हात मोकळा नव्हता. "सांगितलं असतं तर तू सगळा वेळ माझ्याच हाताकडे बघत बसला असतास," ती म्हणाली. "त्याच्या शेपटीकडे कोण बघणार होतं?"

दादाने मिठाचं पाणी तापवायला ठेवलं. गाल्सान डॉक्टर म्हणाला, मी जनावरांचा, हिला शहरात न्या. नेलं. तिथले म्हणाले, नस दबून गेली आहे, वेळ फार गेला.

पुढच्या उन्हाळ्यात कुम्मैताच्या शेपटीला केस आले, मधला पट्टा पांढरा. माश्या हाकलतो, आणि दादा मागून गेला तर अजून लाथ उगारतो. नादामला आमच्याकडून घोडा गेला नाही. सोसोर आम्हाला बोलवायला आला तेव्हा धारेची वेळ होती. दादा गुडघा टेकून घोडीच्या पोटाखाली बसला होता, एक हात पायापलीकडून घातलेला, बादली मांडीवर अडकवलेली. आमच्या खोऱ्यात पुरुष घोडीची धार काढत नाही, कुणी पाहिलेलं नाही. घोडी सारखी सरकत होती. वहिनी तिचं शिंगरू धरून शेजारी उभी होती आणि सांगत होती, तसं नाही, अंगठा आत घे.  सोसोरने स्वतःचा घोडा बांधला आणि घोडीचं डोकं धरायला गेला.